पेव्हर घालण्याआधी एक पावसाळा अंगण पाहा

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळा पहिली ते दहावीपर्यंतची आहे आणि इमारतीपुढे सुमारे १५०० चौरस मीटरचे मोकळे अंगण आहे. जून ते सप्टेंबर तेथे चिखल असतो, तर मार्चपासून मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडवत नाही इतके ते तापते. संपूर्ण अंगणावर पेव्हर ब्लॉक घालावेत आणि एका कोपऱ्यात रबरी थरावर तयार घसरगुंडी व झोपाळे बसवावेत, असा प्रस्ताव निधीसह पुढे आला आहे. काही शिक्षकांना त्याऐवजी झाडे, माती आणि निसर्गात खेळण्याची जागा हवी आहे. कोणत्या क्रमाने काय करावे, आणि साप-डासांचे काय, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर स्पष्ट आहे. पेव्हरचा प्रस्ताव नाकारू नका, पण एक पावसाळा पुढे ढकला. गोव्यातील आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील शाळांची अंगणे आखण्याचे काम मी वीसेक वर्षे करतो आहे. चिखल झाला म्हणून जमीन वाईट, असे ज्या ज्या ठिकाणी मला सांगण्यात आले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी चिखल करणारे पाणी अंगणात पडलेलेच नव्हते. ते छपरावरून पागोळ्यांनी, रस्त्यावरून फाटकातून किंवा वरच्या शेजाऱ्याच्या कुंपणाखालून आलेले होते. ते पाणी तसेच ठेवून वर पेव्हर घातले, तर चिखल दिसेनासा होतो खरा, पण पाणी व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत येते, आणि दोन-तीन वर्षांत खालची भुकटी वाहून जाऊन ब्लॉक खचू लागतात.

म्हणून पहिले काम पैशांचे नाही. जूनमधील पहिल्या दोन-तीन जोरदार सरींच्या वेळी, विजा नसताना, आठवी-नववीच्या मुलांना छत्र्या व बांबूच्या खुंट्या देऊन शिक्षकांसोबत अंगणात उतरवा. पाणी कोठून शिरते, कोठे थांबते आणि कोठून बाहेर जाते, तेथे खुंट्या रोवायच्या आणि पाऊस थांबल्यावर त्यांचा कागदावर नकाशा काढायचा. सोबत थोडा हिशेबही करून घ्यावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि २०२४ च्या पावसाळ्यात तर तो ४००० मिलिमीटरच्या पुढे गेला. त्याच वर्षी ८ जुलैला पावसामुळे राज्यभर शाळांना सुट्टी द्यावी लागली. आपले छप्पर ३०० चौरस मीटर धरले, तर वर्षाला नऊ लाख लिटर पाणी त्यावर पडते. तासाभरात ६० मिलिमीटर कोसळला, तर त्या एका तासात छपरावरून १८ हजार लिटर उतरते. आणि अंगण पूर्ण पेव्हरचे झाले, तर तेथूनही ९० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर, फाटकाबाहेरच्या गटारात जाऊ पाहतात. ते गटार एवढे पाणी घेऊ शकते का, हे आधी पंचायतीला विचारलेले बरे.

नकाशा हाती आल्यावर उपाय सहसा साधे निघतात. छपराला पन्हळी लावून पाणी दोन-तीन ठिकाणीच खाली उतरवावे. फाटकाशी चिऱ्याचा बुटका उंबरा आणि त्याआधी जाळीचे आडवे गटार केले, की रस्त्याचे पाणी बाहेरच राहते. अंगणाच्या वरच्या कडेने उताराला आडवा, रुंद आणि उथळ चर काढावा. त्यात मुलाचा पाय मुरगळू नये इतका तो पसरट हवा आणि त्यात हिरवळ हवी. खेळाच्या मैदानाला शंभरास एक एवढा उतार पुरतो. पन्हळीचे पाणी पंधरा-वीस सेंटिमीटर खोल अशा खोलगट वाफ्यात सोडावे आणि तेथे वाळा, कर्दळ, नागरमोथा अशी पाण्यात व कोरड्यात दोन्ही तगणारी झाडे लावावीत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चाळीस चौरस मीटरचा असा वाफा एका वेळी जेमतेम सहा हजार लिटर धरतो, म्हणजे गोव्याचा पाऊस तो गिळू शकत नाही. तो पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसवतो. त्याचे जादा पाणी कोठून बाहेर जाईल, ती वाट आधीच दगडाने बांधून ठेवावी लागते. पॅरिस शहराने २०१८ पासून शाळांची डांबरी अंगणे फोडून तेथे माती व झाडे आणण्याचा जो उपक्रम चालवला आहे, त्याची छायाचित्रे हल्ली अनेक पालक मला दाखवतात. उपक्रम चांगलाच आहे, परंतु पॅरिसला वर्षभरात पडणारा सहा-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस आपल्याकडे एखाद्या जोरदार आठवड्या-दोन आठवड्यांत पडून जातो. तेथील आराखडे येथे जसेच्या तसे चालत नाहीत.

शोषखड्डा खणण्याआधी जमिनीची परीक्षा करावी. फूटभर लांब-रुंद व दीड फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी एकदा मुरू द्यावे, पुन्हा भरावा आणि तासात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल, तर तेथे शोषखड्डा करू नये. ही परीक्षा मे महिन्यात करून फसगत होते. ती जुलैत करावी, कारण तेव्हा भूजलच वर आलेले असते. खाजनाजवळच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घातलेल्या सखल शेतजमिनीजवळच्या, एका गावातील शाळेत मी ही चूक स्वतः केली आहे. मेमध्ये खड्ड्यात पाणी भराभर मुरले, म्हणून मी मोठा शोषखड्डा करून घेतला, आणि जुलैत तो काठोकाठ भरून आठवडाभर तसाच राहिला. त्यात डासांच्या अळ्या झाल्या, पालकांनी योग्य शब्दांत माझी कानउघाडणी केली आणि चतुर्थीच्या आत तो खड्डा बुजवावा लागला. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, शाळांची अडचण याच्या उलट असते. तेथे वर जांभ्याचा कठीण कातळ असतो आणि तो फोडल्याशिवाय पाणीही मुरत नाही व झाडाचे मूळही जात नाही. मात्र सड्याचा जो भाग पावसाळ्यात रानफुलांनी भरतो, त्यावर माती ओतून बाग करू नये. मुलांना पाहण्यासारखी बाग तेथे आपोआप आलेली असते.

जांभ्यात मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही. ते झऱ्यांनी व ओहोळांनी लवकर निघून जाते, म्हणून ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. त्यामुळे पाणी मुरवणे पुरेसे नाही, थोडे साठवलेही पाहिजे, आणि किती झाडे लावायची हे त्या साठ्यावरून ठरवले पाहिजे. चाळीस रोपांना आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर पाणी दिले, तर आठवड्याला ८०० लिटर लागतात. डिसेंबर ते मे या २६ आठवड्यांचे २०,८०० लिटर होतात. बारा रोपांना तेवढ्याच काळात ६,२४० लिटर पुरतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसात भरून घेतलेली दहा हजार लिटरची झाकणबंद टाकी ती गरज भागवते. वन महोत्सवात शंभर रोपे लावून छायाचित्र काढणाऱ्या आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा शंभर रोपे लावणाऱ्या शाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पहिल्या वर्षी बारा झाडे लावा आणि बाराही जगवा.

आता उन्हाकडे वळू. ९ व १० मार्च २०२३ रोजी उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा दुपारी बाराच्या आत सोडण्याचा आदेश निघाला होता, आणि २०२५ मध्ये सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचे शैक्षणिक वर्ष ७ एप्रिललाच सुरू झाले. म्हणजे अंगण सर्वांत तापते त्या दिवसांतही मुले शाळेत असतात. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या काळात इमारतीची किंवा कुंपणाच्या भिंतीची सावली दुपारी जवळपास नसतेच. सावली मिळते ती फक्त डोक्यावर पसरलेल्या फांद्यांखाली किंवा मांडवाखाली. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपे येते. मात्र त्याच दिशेने समुद्राचा वाराही येतो, म्हणून पश्चिमेला दाट झुडपांची भिंत उभी करू नये. तेथे खोड उंच जाऊन वर पसरणारी झाडे लावावीत, म्हणजे ऊन अडते आणि वारा खालून वाहतो.

जमिनीचा पृष्ठभागही तितकाच महत्त्वाचा आहे. उन्हातील पेव्हर, रबरी थर आणि कृत्रिम हिरवळ हे तिन्ही मातीपेक्षा कितीतरी अधिक तापतात; कृत्रिम हिरवळीचे तापमान कडक उन्हात ६० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. आपल्या समितीला हे पटवायचे असेल, तर एप्रिलमधील एका दुपारी सर्व सदस्यांना जवळच्या पेव्हर घातलेल्या आवारात नेऊन तळहात पाच सेकंद जमिनीवर टेकवायला सांगा आणि मग झाडाखालच्या पालापाचोळ्यावर टेकवायला सांगा. माझ्या अनुभवात याहून परिणामकारक सादरीकरण नाही.

सावलीसाठी आपल्या तालुक्यात आदर्श शोधायला लांब जावे लागत नाही. कुळागरात, म्हणजे आपल्याकडच्या सुपारीच्या मिश्र बागेत, माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली केळ आणि जमिनीलगत अननस असा थरांचा विचार असतो. भर एप्रिलमध्ये कुळागरात शिरल्यावर अंगाला जो गारवा लागतो, तो त्या थरांचा आहे. शाळेत तीच रचना कडेने करावी आणि मधले मैदान मोकळे ठेवावे, कारण खो-खो, फुटबॉल आणि लगोरी यांना मोकळी जागा लागतेच. खो-खोचे पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचे असते आणि ते आपल्या अंगणात सहज मावते. मोठ्या झाडांत बकुळ, करंज, जांभूळ, कदंब, उंडी आणि आपला राज्यवृक्ष माट्टी यांचा विचार करावा. मधल्या थरात भिरंड (कोकम), आवळा, बिंबल आणि कुंपणाला करवंद लावावे. वड किंवा पिंपळ लावायचाच असेल, तर तो इमारतीपासून व भिंतीपासून पुरेसा दूर, एखाद्या कोपऱ्यात लावून त्याला चिऱ्यांचा पार बांधावा. तीच पुढे उघड्यावरच्या वर्गाची जागा होते. गुलमोहर मी शाळेत लावू देत नाही, कारण जूनच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. असलेला गुलमोहर तोडण्याची मात्र घाई करू नका, छाटणी करून घ्या. आणि कोणतेही झाड तोडण्याआधी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वन खात्याची परवानगी लागते हे लक्षात ठेवा. माड अंगणात असेल, तर पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, नियमितपणे बोलावून नारळ व सुकी चुडते (झावळ्या) उतरवून घ्यावीत आणि बुंध्याभोवतीची जागा झुडपे लावून खेळातून वगळावी.

झाडे सावली देऊ लागेपर्यंत पाच-सात वर्षे जातात, आणि आज पहिलीत असलेल्या मुलीला सावली आज हवी आहे. तेवढ्या काळासाठी लोखंडी खांबांवर बांबूचा सांगाडा आणि त्यावर चुडतांचे विणलेले झाप घालून मांडव करावा. हिरव्या जाळीपेक्षा झापाखाली अधिक गार वाटते आणि जुने झाप शेवटी खतात जातात. मेअखेर हे झाप उतरवावेतच. पहिल्या वादळी वाऱ्यात मांडव उडण्याची वाट पाहू नये.

निसर्गखेळाविषयी आपण ‘कोणती उपकरणे घ्यावीत’ असे विचारले आहे. माझा सल्ला असा आहे की पहिल्या दोन वर्षांत उपकरणे घेऊच नयेत. चर आणि वाफा खणताना निघालेली माती फेकून न देता तिचा मीटरभर उंच व सहा मीटर रुंद उंचवटा करावा आणि त्यावर हिरवळ लावावी. चढणे, लोळणे, राजा-प्रजा खेळणे, वर बसून डबा खाणे, एवढ्या गोष्टी तो एकटा देतो. घसरगुंडी हवी असेल तर ती याच उताराला टेकवून बसवावी, म्हणजे पडण्याची उंची जवळजवळ शून्य होते. पडलेल्या झाडाचे जाड ओंडके आडवे पुरून त्यांवरून तोल सांभाळत चालता येते. लहानांसाठी नळाजवळ चिऱ्यांचा बुटका कट्टा, माती, पाणी आणि करवंट्या ठेवल्या, की भातुकली कशी खेळावी हे शिकवावे लागत नाही.

इंग्लंडमधील सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये असा विचार मांडला होता की एखाद्या जागेत मुलांना हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या अधिक, तितकी मुलांची कल्पकता अधिक. आपल्याकडे अशा वस्तू विकत घ्याव्या लागत नाहीत. बांबूचे तुकडे, करवंट्या, आंब्याच्या कोयी, माडाच्या पोया, पोफळीच्या विऱ्या (पानांच्या बुडाची रुंद आवरणे), ज्यांवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, आणि बॅट म्हणून चालणारे झावळीचे देठ, हे सर्व गावात फुकट मिळते. त्यासाठी एक छप्पर असलेली पेटी आणि सुट्टी संपल्यावर वस्तू परत ठेवण्याची शिस्त एवढेच लागते. कडेच्या झुडपांत माटोळीला (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या मंडपीला) लागणारी आंबाडा, तोरिंगण, सुपारी अशी झाडे धरली, तर चतुर्थीच्या आधी मुलांना आपल्याच अंगणातून माटोळीचे सामान काढता येते. कवंडळाचा वेल मात्र लहानांच्या वर्गांजवळ नको. फळ सुंदर असते, पण ते विषारी आहे. त्याच कारणाने कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड आणि गुंज ही नावे यादीतून आधीच खोडावीत. खाजकुयली आणि बिब्बा आवारात उगवले असतील तर तेही काढावेत.

झोपाळा किंवा चढण्याची चौकट पुढे बसवली, तर तिच्याखाली मऊ भर हवी. दोन मीटरपर्यंतच्या उंचीसाठी वाळूचा किंवा लाकडाच्या सालीचा तीस सेंटिमीटरचा थर युरोपीय मानकांत पुरेसा मानला आहे. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणू नका. ती उचलणे बेकायदेशीर आहे. छाटणीच्या फांद्यांचे तुकडे करून वापरता येतात, पण आपल्या पावसात ते कुजतात, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये भर नव्याने घालावी लागेल.

डासांबद्दलची आपली काळजी रास्त आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून नियम असा की आवारात कोठेही पाणी दोन दिवसांपेक्षा अधिक थांबता कामा नये, टाकीला घट्ट झाकण व जाळी असावी, आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी करवंट्या, कुंड्यांच्या बशा व पन्हळी तपासाव्यात. खेळाच्या करवंट्या पावसाळ्यात उपड्याच ठेवाव्यात. सापांबद्दल मी पालकांना खोटा धीर देत नाही. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे ही चारही गोव्यात आहेत. परंतु साप झाडांमुळे येत नाहीत. ते उंदीर, बेडूक आणि लपायला जागा यांमुळे येतात. डब्यातील सांडलेले अन्न, भिंतीलगत रचून ठेवलेले चिरे, मोडक्या बाकांचा ढीग आणि कुंपणाकडेचे गुडघाभर गवत ही सापांची खरी ठिकाणे असतात, आणि ती पेव्हर घातलेल्या शाळांतही असतात. वाटांच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पट्टा कापलेला ठेवावा, झुडपे शिक्षकांची नजर पलीकडे जाईल इतकीच उंच ठेवावीत, सुट्या दगडांचे बांध घालू नयेत आणि सर्पदंशावर उपचार होणाऱ्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक कार्यालयात लावून ठेवावा. गुडघा खरचटण्याबद्दल मात्र पालकांशी वर्षाच्या पहिल्याच सभेत बोलून घ्यावे. तेवढी दुखापत होऊ न देणारे अंगण म्हणजे खेळ नसलेले अंगण असते.

देखभालीचा प्रश्न आपण विचारला नाही, पण तोच निर्णायक आहे. एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, त्याचे नाव रोप लावण्याच्या दिवशी कागदावर असले पाहिजे, आणि मिळालेल्या निधीचा काही भाग त्या व्यक्तीच्या मानधनासाठी तीन वर्षे राखून ठेवला पाहिजे. शिपायाच्या कामात ते गृहीत धरू नये.

पेव्हरचे पैसे परत जातील अशी भीती असेल, तर प्रस्तावाचे क्षेत्र बदलून घ्या. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत आणि तेथून शौचालयापर्यंत दीड मीटर रुंदीची वाट खरोखरच हवी आहे, कारण चाकाच्या खुर्चीतील मूलही त्या वाटेने जाऊ शकले पाहिजे. तेवढ्याच जागेत पेव्हर घालावेत, खाली सिमेंटचा थर न देता खडी व वाळू द्यावी आणि वाटेला चराच्या बाजूला किंचित ढाळ ठेवावा. ती वाट जूनच्या नकाशावर काढून कंत्राटदाराला द्या आणि काम ऑक्टोबरनंतर सुरू करा.